पाव्हणं, गाव कुठलं? कोल्हापुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

बदली, नोकरी, कॉलेज, लग्न, कारण काहीही असो. कोल्हापुरात आलेल्या माणसाचं अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा हे सगळं पहिल्या दोन रविवारांत उरकतं. तिसऱ्या रविवारी कळतं, की या गावात आपल्याला नावानं हाक मारणारं कोणी नाही. २०१४ साली मी नागपूरहून बदलीवर आले, तेव्हा माझे पहिले चार-पाच महिने असेच गेले. "कोल्हापूरची माणसं लई मोठ्या मनाची," असं जो तो सांगायचा. ती भेटतात कुठं, बोलायला सुरुवात कशी करायची आणि कुठं गप्प बसायचं, हे मात्र ठेचा खाऊनच शिकावं लागलं. त्यातल्या दोन-चार तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट द्या

इथं पहिला प्रश्न नावाचा नसतो. रिक्षात बसा, भाजी घ्या, चपलेला टाका घालायला द्या, विचारणा होते, "पाव्हणं, गाव कुठलं?" बाईमाणसाला, "ताई, कुठनं आलायसा?" मी "नागपूर" म्हणून मोकळी व्हायचे आणि बोलणं तिथंच तुटायचं. समोरचा माणूस ओळख काढत असतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्याची बहीण नागपुरात दिलेली असते, पुतण्या कामठीला पलटणीत असतो, नाहीतर तो स्वतः कधीतरी दीक्षाभूमीला जाऊन आलेला असतो. त्याला धरायला काहीतरी लागतं. म्हणून उत्तर जरा ऐसपैस द्या: "मूळची नागपूरची, आता मंगळवार पेठेत राहते, मिरजकर तिकटीच्या जवळ." (तीन रस्ते मिळतात ती तिकटी. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी अशी नावं पहिल्या आठवड्यातच पाठ करून टाका. पिनकोडपेक्षा जास्त कामाला येतात.)

मग त्याला उलट विचारा, "तुमचं मूळ गाव?" तीन पिढ्या शहरात काढलेल्या माणसाचंही करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड अशा एखाद्या तालुक्यात घराचं रान असतं. रानाचा विषय निघाला की पुढचं ऋतूवर सोपवा. जुलैत "भाताची रोपलावण झाली का?" दिवाळीनंतर "तोड आली का?" म्हणजे ऊसतोडीची टोळी रानात पोचली का. ऊस वेळेत तुटून कारखान्याला जातो की नाही, ही इथं पांढरपेशा नोकरदाराच्या घरातही काळजी असते. माझ्या ऑफिसातले एक अतिशय तुसडे साहेब या एका प्रश्नानं माझ्याशी माणसासारखे बोलायला लागले.

आडनावही विचारलं जाईल. त्यात जात काढण्याचा भाग असतो, हे मी झाकून ठेवत नाही. कोल्हापूर त्याला अपवाद नाही, आणि उर्वरित महाराष्ट्रही नाही. नाव सांगा आणि विषय गावावर आणा. बहुतेक वेळा तो सरकतो.

पिकल्या केसाचा माणूस भेटला तर आणखी एक प्रश्न हाताशी ठेवा: "शिकायला कुठल्या बोर्डिंगात होतात?" शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी इथं वसतिगृहं उभी केली. त्यांतली कित्येक दसरा चौकाच्या आसपास अजून आहेत. खेड्यातून पत्र्याची ट्रंक घेऊन बोर्डिंगात आलेली आणि मग इथलीच झालेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. व्यापार वाढावा म्हणून महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, तीही बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावून. दुसऱ्या महायुद्धात तर सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित शेजारच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहून गेले. पुढं त्याच भागात फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव स्थिरावले. आज तिथलं गांधीनगर कापडासाठी सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तेव्हा आपण बाहेरचे आहोत याचा फार संकोच धरू नका.

घर घेताना

ताराबाई पार्क, नागाळा पार्क इथं फ्लॅट चांगले मिळतात, पाणी बरं येतं, गाडी लावायला जागा असते. मी पहिले चार महिने अशाच एका फ्लॅटमध्ये होते आणि समोरच्या दाराआड कोण राहतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला माणसं हवी असतील तर निदान पहिलं वर्ष जुन्या पेठेत काढा: शिवाजी, मंगळवार, शुक्रवार, नाहीतर कसबा बावडा. खोल्या अंधाऱ्या असतील, गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवावी लागेल आणि रात्री साडेदहाला घरी आलात तर सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ते माहीत असेल. तो त्रास आहेच. पण मला ताप आला तेव्हा न सांगता पेजेचं पातेलंही त्याच गल्लीतून आलं.

सामान लावून झालं की शेजारच्या दोन्ही घरी स्वतः जाऊन सांगा, "नवीन राहायला आलोय." इथं नवख्यानं आधी जायचं असतं. ते बोलावतील म्हणून मी थांबले आणि ते मी येईन म्हणून थांबले. यात पंधरा दिवस गेले. गेलात की चहा येईल. "नको, आत्ताच घेतला," हे नागपूर-पुण्याचं सभ्य उत्तर इथं शिष्टपणात मोजतात. अर्धा कप घ्या, पण घ्या.

बोली: समजून घ्या, नक्कल करू नका

शेजारच्या आक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बसा, मी आलो." मी दाराकडं पाहिलं, कोण पुरुष आला म्हणून. इथल्या बायका स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो, मी आलो" असं सहज बोलतात. मी "येऊन राहिले" म्हटल्यावर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या होत्या, म्हणजे फिटंफाट झाली.

काही शब्द आधीच कळलेले बरे. मी वाण्याकडं "पोळीसाठी गहू" मागितले तर तो म्हणाला, "आज कुठला सण?" पोळी म्हणजे पुरणपोळी, रोजची ती चपाती. "चटणी" म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट. भाजीत "चटणी किती घातली" हा प्रश्न त्याबद्दल असतो. मिसळीवरच्या रश्शाला इथं तर्री म्हणत नाहीत, कट म्हणतात, आणि सोबत पाव मागितला तरी येतात ब्रेडच्या स्लाइस. आग्रहाच्या शेवटी "की" लागतो: बसा की, घ्या की, जेवा की. प्रश्नाच्या शेवटी "सा" आला, "जेवलासा काय?", "कुठं चाललासा?", तर तुम्हाला आदरानं विचारलंय असं समजा. हे कसले ग्राम्य, असं मनात आणू नका.

"भावा" ही हाक बरोबरीच्यांतली आहे. रिक्षावाल्या मामांना किंवा दुकानातल्या अण्णांना पहिल्या दिवशी "भावा" म्हणालात तर ते हसतील, पण आतून नाही. वयानं मोठ्या बाईला आक्का, काकी नाहीतर मावशी म्हणा, पुरुषाला मामा, काका. आणि दोन मित्र एकमेकांना कचकचीत शिवी देऊन तब्येत विचारताना दिसले तर ते भांडण नाही. मात्र ती शिवी तुम्ही उचलू नका. निदान तीन वर्षं.

अंबाबाईला "महालक्ष्मी" म्हणालात तर बरेच जण लगेच दुरुस्त करतील. पाटीवर काहीही असो, बोलताना अंबाबाईच.

एकच जागा, एकच वेळ

हे सगळ्यात कामाचं. ठिकाणं बदलत बसलात तर तुम्ही पर्यटक दिसता. एक जागा धरा आणि ठरल्या वेळी जा.

रंकाळा घ्या. संध्याकाळी चौपाटीला भेळ खाणारी निम्मी माणसं बाहेरगावची असतात. पहाटे सहाला या. फिरायला येणाऱ्यांच्या टोळ्या ठरलेल्या, त्यांची बसायची जागा ठरलेली, आणि त्यांत निवृत्त शिक्षक, फौंड्रीवाले, सराफ, भाजीचे व्यापारी एका बाकावर असतात. पहिला आठवडा कोणी बोलत नाही. दुसऱ्या आठवड्यात मान हलते. तीन दिवस दांडी मारून परत गेलात की कोणीतरी विचारतंच, "कुठं दिसला न्हाईसा?" त्या दिवसापासून तुम्ही त्यांच्यात.

पुरुषांसाठी आणखी सोपी जागा म्हणजे गंगावेशचा दूध कट्टा. गवळी म्हशी घेऊन येतात, समोरच धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच पेल्यात मिळतं. लोक पेला हातात धरून तास-तास उभे राहतात; कुस्ती, राजकारण, म्हशीचे भाव, सगळं तिथं निघतं. दूध कच्चं असतं, पोट नाजूक असेल तर ते घरी नेऊन उकळा. गप्पा फुकट आहेत. म्हशींचं इथलं वेड खरं पाहायचं असेल तर दिवाळी पाडव्याला या. सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं पळताना दिसतील आणि कुठली म्हैस कुणाची यावर तुमचं मत विचारलं जाईल. सगळ्याच छान आहेत, असं म्हणा.

बायकांनी कुठं जायचं

कोल्हापूरवर लिहिलेलं बहुतेक सगळं पुरुषांच्या जागांबद्दल असतं. तालीम, कट्टा, मैदान. मला पहिले महिने वाटायचं, की इथल्या बायका असतात तरी कुठं?

त्या मार्च-एप्रिलमध्ये कांडप गिरणीत असतात. वर्षाची चटणी करायची म्हणजे ब्याडगी, संकेश्वरी आणि जवारी मिरची आणायची, वाळवायची, देठं खुडायची, मसाले भाजायचे आणि सगळं डंकावर कुटायला न्यायचं. नंबर यायला दोन-तीन तास सहज जातात. शिंका, डोळ्यांतलं पाणी आणि गप्पा. माझ्याकडं काहीच नव्हतं, मी आक्कांचा डबा धरायला गेले होते. परतताना सात बायकांची ओळख, तीन घरची चटणीची प्रमाणं आणि एक हळदी-कुंकवाचं आमंत्रण घेऊन आले. प्रमाण विचारा, आपल्या घरची चटणी सगळ्यांत चांगली, असं इथल्या प्रत्येक बाईचं ठाम मत असतं आणि ते सांगायला ती कधीही तयार असते. जाता जाता, हॉटेलच्या मेनूवरचं "व्हेज कोल्हापुरी" मी इथल्या एकाही घरात खाल्लेलं नाही. घरचं जेवण चवदार असतं, जाळ नसतो.

दुसरी जागा भिशी. महिन्याला एकीच्या घरी जमायचं, ठरलेले पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, खायचं. बोलावलं तर जरूर जा. पैसे घालायची घाई करू नका. वर्षभर माणसं पाहा, आणि मोठ्या रकमेच्या भिशीत कधीच पडू नका. माझे बुडाले आहेत, म्हणून सांगते.

आणि आषाढ. पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी गल्ल्याच्या गल्ल्या ते पाणी कलशात घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीला निघतात, पुढं पी-ढबाक वाजतं, मुली डोक्यावर कलश घेतात. वर्गणी मागायला पोरं येतील. ऐपतीप्रमाणं द्या, पण हसून द्या, आणि पावती मागत बसू नका. यात्रेनंतर गल्लीत जेवण असतं. वाढायला उभ्या राहिलात तर एका संध्याकाळी सगळी गल्ली ओळखीची होते. शाकाहारी असाल तर आधीच हळूच सांगा. तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवतील, वर महिनाभर चिडवतील.

तालीम आणि फुटबॉल

बाहेरच्याला तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा वाटतो. कुस्ती आहेच, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं खासबाग मैदान पाहा, कुठंही बसलं तरी मधला हौदा दिसतो. पण पेठेतली तालीम याहून मोठी गोष्ट आहे. गणपती तिचा, मोहरमचा पंजा तिचा, पुरात धावणारी पोरं तिची, आणि फुटबॉलचा संघही तिचाच. कित्येक तालमींत हिंदू पोरं पंजा बसवण्यात पुढं असतात. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, तेव्हा गणपती आणि पंजे एकाच छताखाली होते. आखाड्यात जायचं असेल तर वस्तादांना आधी विचारा, चपला बाहेर काढा आणि लाल मातीत पाय टाकू नका. बायकांना दारातूनच पाहावं लागेल हे गृहीत धरा. मला ते आवडलेलं नाही, पण आहे ते असं आहे.

फुटबॉलचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर सामने चालतात आणि खेळणाऱ्या संघांची नावं असतात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. शेजारच्या मुलानं मला पहिल्यांदा नेलं तेव्हा वाटेत एकच सूचना केली: "काकी, आपण कुणाचं ते बसायच्या आधी ठरवा, मग बदलू नका." राहता त्या पेठेचा संघ तुमचा, यात निवड नसते. आणि दुसऱ्या पेठेच्या गर्दीत बसून आपल्या गोलला टाळ्या वाजवू नका. सामना तापला की पोलीस लागतात, हे खरं आहे. अंतिम सामन्याला लहान मुलं घेऊन जाऊ नका.

पाणी किती फुटावर?

जुलै-ऑगस्टमध्ये नमस्काराच्या जागी हा प्रश्न येतो. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शेंबडं पोरही हे दोन आकडे सांगेल. राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. किती उघडले यावर चहाच्या टपरीवर उद्याचा अंदाज बांधला जातो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. आपल्या घरापासून पाणी कुठवर आलं होतं, ते घरमालकाला विचारा. तो भिंतीवरची रेघ दाखवेल, मग गोष्ट सांगेल, आणि त्या गोष्टीत निम्मी गल्ली भेटेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. मी गेले तर एका काकींनी विचारलं, "भाकरी थापता येती काय?" माझी भाकरी पाहून त्यांनी दोन मिनिटांत माझी कांदे चिरण्यावर बदली केली. पाच वर्षांत जेवढी माणसं ओळखीची झाली नव्हती, तेवढी त्या आठवड्यात झाली. तुम्हीही त्या दिवसांत गावात असलात तर हाताला येईल ते काम मागा, फोटो काढत उभे राहू नका.

काही विषय

बोलायला चांगले: जुना सिनेमा. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. "आमच्या आज्जानं त्यांच्यात काम केलंय" असं सांगणारे अजून भेटतात. सगळेच खरे नसतील. ऐकून घ्या. केशवराव भोसले नाट्यगृहाचा विषय मात्र जपून. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा रस्त्यावर माणसं रडत होती.

आंदोलनांचे किस्सेही रंगतात. वर्षानुवर्षं लढून शहराचा टोल घालवला, २०१९ मध्ये तर मटणाच्या दरासाठी लोक रस्त्यावर उतरले. इथं कशासाठीही कृती समिती निघते. तुम्हाला हसू येईल. सांगणाऱ्याच्या तोंडावर हसू नका, त्याचा काका त्या समितीत असतो.

टाळायचे: "आमच्या पुण्यात", "आमच्या मुंबईत" अशी सुरुवात. पेठेपेठेतली जुनी भांडणं. आणि साखर कारखान्यांचं, दूध संघाचं राजकारण, कारण समोरचा कुठल्या गटाचा आहे हे तुम्हाला दोन वर्षं तरी कळणार नाही.

कुणाच्या घरून निघताना "जाते" म्हणू नका, "येतो" म्हणा. मग पंधरा मिनिटं उंबऱ्यात, दहा मिनिटं जिन्यात आणि पाच मिनिटं गाडीपाशी बोलणं होईल. तेवढा वेळ हिशोबात धरूनच जा. परवा दसरा चौकात रिक्षा केली. मामांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "ताई, गाव कुठलं?" नागपूर म्हटलं. आरशातून एकदा माझ्याकडं पाहून ते म्हणाले, "ते असू दे की. पेठ कुठली?"